बिदरचे काका : पत्रांतून लाभलेले आप्त
(अहमदपूर येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी 'आपले आप्त' या विषयावर मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आप्त म्हटले की आपल्या दृष्टीसमोर प्रथम उभे राहतात ते भाऊबंद, सोयरे, व्याही आणि जावई; ज्यांची नावे लग्नपत्रिकेवर छापावी लागतात आणि छापावयाची राहिली तर जे रुसून बसतात, ते. त्यांचे गुणवर्णन करणारे वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ होऊन गेले. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचे नाव आमच्या घरातील एकाही लग्नपत्रिकेवर कधी छापले गेले नाही. त्यांची माझी प्रत्यक्ष भेट उभ्या आयुष्यात अवघी दोनदा झाली. आणि तरीही, वयाची ऐंशी वर्षे सरत आली असता मागे वळून पाहतो, तेव्हा माझ्या आयुष्याला योग्य वळण लावणाऱ्या माणसांत त्यांचे स्थान मला आईवडिलांच्या लगोलग दिसते.

आमच्या घरात त्यांना 'बिदरचे काका' म्हणत. आता हे काका नात्याने कोण, ते ऐका. माझ्या आजीची एक मावसबहीण बिदरला दिलेली होती. तिचे हे चिरंजीव. म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊदेखील नव्हेत, त्याहूनही एक पायरी पलीकडचे. सुतक नाही, वाटणी नाही, मानपान नाही, असे हे नाते. कागदावर मांडावयाचे म्हटले तर ते कागदाच्या कडेबाहेर जाईल! परंतु १९६२ पासून १९९७ पर्यंत, पस्तीस वर्षे, या गृहस्थांनी मला नियमाने पत्रे लिहिली आणि मीही त्यांना लिहीत गेलो.

आजच्या तरुण श्रोत्यांना प्रथम हे सांगितले पाहिजे की, आपले अहमदपूर एके काळी बिदर जिल्ह्यात होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात बिदर हे आपले जिल्ह्याचे ठिकाण. खटला असो, जमिनीचा कागद असो, वाट बिदरची. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले, तरी जिल्हा तोच राहिला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याची त्रिभागणी झाली. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तीन तालुके बिदरपासून काढून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात, घातले गेले. आणि बिदर शहर म्हैसूर राज्यात गेले. आपण मराठी राज्यात आलो याचा आनंद सर्वांना झाला, आणि तो रास्तच होता. पण ज्यांच्या लेकीसुना या नव्या रेषेच्या दोन्ही बाजूंना नांदत होत्या, त्यांच्या घरी त्या आनंदाला एक बारीकशी कळ होती.

काका बिदरच्या जिल्हा कचेरीतील दफ्तरखान्यात नोकरीस होते. आपल्या तीन तालुक्यांचे दफ्तर बांधून देण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. लाल फडक्यांत बस्ते बांधून, त्यांवर गावांची नावे घालून ते गाडीत चढविले. आणि अहमदपूरच्या बस्त्यांना गाठ मारताना, आपल्या मावशीचे घरच आपण या हातांनी परक्याच्या स्वाधीन करीत आहोत असे वाटले, असे त्यांनी मला पुढे एका पत्रात लिहिले होते. त्याच पत्राच्या शेवटी त्यांचा निश्चयही होता: सरकारने दफ्तर नेले, आता आपले दफ्तर आपणच राखले पाहिजे. माझ्या मते, त्यांच्या पत्रव्यवहाराचे मूळ या एका वाक्यात आहे.

आमच्या घराने जागा कधी सोडली नाही. पत्ता मात्र पालटत राहिला. वडिलांना आलेल्या जुन्या पत्रांवर 'जिल्हा बिदर, हैदराबाद राज्य' असे आहे. मग 'जिल्हा उस्मानाबाद, मुंबई राज्य'. १ मे १९६० नंतर 'महाराष्ट्र राज्य'. आणि ऑगस्ट १९८२ मध्ये नवा जिल्हा झाल्यावर 'जिल्हा लातूर'. तिकडे काकांचेही तसेच. त्यांचे म्हैसूर राज्य १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले. १९७२ मध्ये पिनकोड आले, तेव्हा आम्हांला ४१३५१५ हा क्रमांक मिळाला आणि बिदरला ५८५४०१. त्यावर काकांनी विनोदाने लिहिले होते की, पूर्वी आपल्यामध्ये एक रेष होती, आता एक आकडाही आला. तुम्ही चारांत बसलात, आम्ही पाचांत! परंतु प्रत्येक वेळी नवा पत्ता त्यांच्या पत्रावर बिनचूक असे. बदललेला जिल्हा आमच्या ध्यानात येण्याआधी त्यांच्या लेखणीला ठाऊक असे.

१९६२ मध्ये मी मॅट्रिक झालो. अभिनंदनाचे पत्र वडिलांच्या नावे आले. वडिलांनी ते माझ्यापुढे टाकले आणि उत्तर तूच लिही म्हणून सांगितले. मी चार ओळी लिहिल्या. आठव्या दिवशी माझ्या स्वतःच्या नावे पत्र आले. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या नावाने पोस्टमन हाक मारतो, ह्यात केवढी प्रतिष्ठा असते, ते ज्याने अनुभवले असेल त्यालाच कळेल. त्या पत्राच्या तळाशी एक ओळ मोडीत होती आणि तिच्याखाली बाळबोधीत तिचा अर्थ. पुढच्या पत्रात दोन ओळी आल्या, त्यापुढच्यात तीन. काकांचे शिक्षण उर्दूत झालेले. खुशाली विचारताना त्यांच्या मराठीत 'मिजाज' आणि 'खैरियत' सहज येत. पण वडिलोपार्जित मोडी त्यांनी दफ्तरखान्यात राहून जिवंत ठेवली होती. आधी डोईवरची रेघ ओढून घ्यावी आणि मग अक्षरे तिला टांगीत, हात न उचलता लिहीत जावे; ऱ्हस्व-दीर्घाची चिंता करू नये, अर्थ संदर्भाने लावावा; असे एकेक करून ते मला टपालातून शिकवीत गेले. शाळांतून मोडी उठत चालली असता माझी मोडीची शाळा अशा रीतीने एका पोस्टकार्डावर भरत असे. तीन वर्षांनी त्यांचे एक संपूर्ण पत्र मोडीत आले; बाळबोधीची एकही ओळ त्यात नव्हती. मी उत्तीर्ण झालो, एवढाच त्याचा अर्थ.

आता मी मुख्य गोष्टीकडे वळतो. १९६९ मध्ये माझा विवाह ठरला. त्या काळी आपल्या समाजात हुंड्याची बोलणी उघड होत. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्येच झालेला होता. पण तो कायदा कचेरीत राहिला आणि हुंडा बैठकीत राहिला. आमच्याकडेही रक्कम ठरली. ती देण्यासाठी मुलीच्या वडिलांना आपल्या जमिनीचा एक तुकडा काढावा लागणार होता, हे आमच्या घरात सर्वांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. त्या सुमारास काकांचे पत्र वडिलांना आले. मला नव्हे, वडिलांना. कारण मर्यादा त्यांनी कधी सोडली नाही. त्यांनी कायद्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. या मुलाला मी सात वर्षे पत्रांतून ओळखतो, त्याची किंमत करता येईल असे मला वाटत नाही, आणि केलीच तर ती दुसऱ्याच्या शेतातून वसूल होऊ नये, एवढाच त्याचा आशय होता.

वडील संतापले. इतक्या लांबच्या माणसाला आमच्या घरात बोलण्याचा अधिकार कोणी दिला, असे ते म्हणाले. दोन महिने त्यांनी उत्तर पाठविले नाही. त्या दोन महिन्यांत काकांची मला पत्रे येतच होती. पाऊस, पुस्तके, मोडीतील एखादे कठीण वळण, सर्व काही त्यांत असे. त्या विषयाचा मात्र एक शब्द नसे. मग एके दिवशी वडिलांनी स्वतः कार्ड घेतले आणि लिहिले: लग्नाची तिथी अमुक, देणेघेणे काही नाही, आपण अगत्याने यावे. काका बिदरहून उदगीरपर्यंत रेल्वेने आणि तेथून शिरूर ताजबंदच्या वाटेने मोटारीने आले. ती आमची पहिली भेट. मांडवात ते मागे, खांबाला टेकून बसले होते. वडिलांनी त्यांना हाताला धरून पुढे आणून बसविले. दोघेही एकमेकांशी काही बोलले नाहीत.

वडिलांच्या त्या प्रश्नावर मी पुढे अनेक वर्षे विचार करीत राहिलो. लांबच्या माणसाला अधिकार कोणी दिला? आणि हळूहळू माझ्या ध्यानात आले की, तो लांबचा होता म्हणूनच बोलू शकला. आमचे चुलते गप्प राहिले, कारण जमिनीत आमची त्यांची भागी होती. मामा गप्प राहिले, कारण आदल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या मुलासाठी हुंडा घेतला होता. आत्या गप्प राहिल्या, कारण भावाकडून त्यांना लुगड्याचोळीची अपेक्षा होती. त्यांच्यापैकी कोणीही वाईट नव्हते. पण जवळचे नाते हे देण्याघेण्याने विणलेले असते, आणि सत्य बोलावयाचे म्हटले की त्यातला कोणता ना कोणता धागा तुटतो. दूरच्या आप्ताला आपल्याकडून मिळावयाचे काही नसते आणि गमवावयाचेही काही नसते. त्याच्याजवळ असते ती केवळ आपुलकी. तिच्या बळावर तो जे लिहितो, ते आपल्या घरात दुसरे कोणी लिहिणार नाही.

मात्र केवळ दूर असून भागत नाही. दूरचे शेकडो असतात. अधिकार येतो तो सातत्याने. सात वर्षे ज्याने आमच्या घरातील तापखोकल्याची चौकशी केली, त्यालाच आठव्या वर्षी कडू शब्द लिहिण्याची योग्यता आली. हाच अनुभव मला आणखी एकदा आला, तो १९७८ मध्ये. आमच्या घरात आणि चुलत्यांच्या घरात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आणि पूर्वेकडच्या एका पट्टीवरून वाद उभा राहिला. आजोबांच्या वेळचा वाटणीचा कागद होता, पण तो मोडीत. आणि दोन्ही घरांत तो वाचणारा मी एकटा. मी तो वाचला. पाण्याची पाळी समान होती, हे आमच्या बाजूचे निघाले. परंतु पूर्वेची पट्टी स्पष्टपणे चुलत्यांची निघाली. एका शब्दाविषयी शंका होती. मी त्याची हुबेहूब नक्कल काकांकडे पाठविली. त्यांनी वाचन कळविले आणि खाली एक ओळ जोडली: कागद आपल्या विरुद्ध बोलतो तेव्हा तो अधिक मोठ्याने वाचावा. मी दोन्ही घरांसमोर तो कागद वाचला. आमचा अर्धा दावा गळून पडला आणि उभा वादच मिटला. कोर्टाची पायरी कोणी चढले नाही. टपालातून शिकलेल्या मोडीचे हे व्याज होते.

सज्जनहो, पत्राने आप्त निर्माण होतात, याची याहून कितीतरी मोठी साक्ष आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयीचा मजकूर एका मासिकात वाचून अमेरिकेतील थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी १८८० मध्ये त्यांना पत्र लिहिले. ना रक्ताचे नाते, ना देश एक, ना धर्म एक. तीन वर्षे पत्रे चालली, आणि त्या पत्रांच्या भरवशावर १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदीबाई समुद्र ओलांडून त्यांच्या दारी गेली. तिने त्यांना मावशी मानले. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारली. तिच्या अस्थी अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्यांना जागा मिळाली. आपल्या घराण्याच्या भूमीत जागा देणे याहून आप्तपणाची खूण ती कोणती? आणखी मागे जावयाचे तर चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठविले, आणि त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले, ही कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. पाठविणाऱ्याला काय लिहावे ते सुचले नाही, तरी पाठविणे थांबले नाही; आणि ज्याला ते मिळाले त्याने कोऱ्या कागदाचाही मान राखला. पत्रव्यवहाराचे सारे शास्त्र मला या एका कथेत दिसते.

काकांची माझी दुसरी आणि अखेरची भेट १९८१ मध्ये बिदरला झाली. त्यांनी मला किल्ला दाखविला, महमूद गवानचा मदरसा दाखविला, बिदरी काम करणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत नेले. घरी त्यांची नातवंडे आपापसांत कानडी बोलत होती. मला त्यात खेद करण्यासारखे काही वाटले नाही. ज्या मातीत रोप लागते, त्या मातीचा रंग ते घेणारच. काकांनाही वाटले नव्हते. फक्त निरोप देताना ते एवढेच म्हणाले की, माझ्यामागे तुझी पत्रे या घरात कोण वाचणार, ते मला ठाऊक नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या लातूर जिल्ह्यावर आणि शेजारच्या उस्मानाबादवर, आजच्या धाराशिववर, जो प्रसंग ओढवला त्याचे वर्णन मी या सभेत करण्याची आवश्यकता नाही. हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. त्या दिवसांत काकांचे जबाबी कार्ड आले. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते आणि अक्षर थरथरू लागले होते. उत्तराच्या अर्ध्या भागावर स्वतःचा पत्ता त्यांनी आधीच लिहून ठेवला होता, आणि मजकुराच्या जागी मोडीत एकच शब्द लिहिला होता: 'सुखरूप'. मी त्याखाली फक्त सही करून ते पेटीत टाकावयाचे होते. शोकाच्या वेळी माणसाला लेखणी उचलवत नाही, हे जाणून त्याचे उत्तरही स्वतःच लिहून पाठविणारा दुसरा आप्त मला भेटला नाही.

१९९७ च्या हिवाळ्यात काका गेले. काही महिन्यांनी त्यांच्या नातवाकडून एक टपालाचे गाठोडे आले. लाल फडक्यात बांधलेला तो बस्ता होता, आणि त्यात मी पस्तीस वर्षांत त्यांना लिहिलेली सारी पत्रे होती. प्रत्येक पत्रावर दोन तारखा घातलेल्या होत्या: एक, पत्र मिळाल्याची, दुसरी, उत्तर दिल्याची. मी त्या सर्व ताडून पाहिल्या. दोन तारखांमध्ये क्वचितच आठवड्याहून अधिक अंतर होते. एकाच पत्रावर ते चाळीस दिवसांचे होते. ते पत्र काकूंच्या निधनानंतर मी पाठविलेले सांत्वनाचे होते. नातवाने सोबत इंग्रजीत लिहिले होते की, आम्हांला ही लिपी वाचता येत नाही; परंतु आजोबा दर रविवारी हा बस्ता सोडून बसत, तेव्हा यांत काय आहे ते आम्हांला कळावे अशी इच्छा आहे.

ते काम मी अंगावर घेतले. माझी पत्रे आणि त्यांची पत्रे तारखेनुसार लावून, सगळी बाळबोधीत उतरवून त्या घरी पाठविली. त्या घरातील एका मुलीने ती कोणाकडून तरी कानडीत करवून घेतली, असे मला नंतर समजले. आता बिदरला ती कानडीत वाचली जातात आणि अहमदपूरला मराठीत. आपले दफ्तर आपणच राखावे, हा काकांचा निश्चय अशा रीतीने दोन्ही लिप्यांत सिद्धीस गेला.

आता समाजाला माझी विनंती. आपले मंडळ दर वर्षी वंशावळी गोळा करते, वधूवरांची यादी छापते. ही कामे आवश्यक आहेत. परंतु वंशावळीतून माणूस कोणाचा कोण हे कळते, तो कसा आहे हे कळत नाही. म्हणून मी दोन गोष्टी सुचवितो. पहिली, ज्यांच्या घरी मोडीतील जुने कागद आणि पत्रे आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. पुढील संमेलनात एक तास ती वाचण्यासाठी राखून ठेवावा. मी हयात असेन तर वाचावयास येईन, आणि शिकू इच्छिणाऱ्यांना एकेक ओळ शिकवीन. दुसरी, आपल्यापैकी प्रत्येकाने या वर्षात एका दूरच्या आप्ताला पत्र लिहावे. काम काढून लिहू नये. देणे, घेणे, लग्न, नोकरी यांपैकी काहीही त्यात नसावे. दूरध्वनीवर आपण रोज बोलतो, आणि ते चांगलेच आहे. परंतु बोललेले वाऱ्यावर जाते, आणि पंचवीस वर्षांनी नातवाला लाल फडक्यात बांधून देता येत नाही.

आणि एक लक्षात ठेवावे. पुढे कधी तुमच्या घरात असा प्रसंग येईल की, खरे काय ते सर्वांना दिसत असेल आणि बोलणारा कोणी नसेल. त्या वेळी बोलण्याचा अधिकार असलेला एखादा दूरचा माणूस तुम्हांला लागेल. तो आयत्या वेळी मिळत नाही. त्याला अनेक वर्षे आधीपासून पत्रे लिहावी लागतात, आणि आलेल्या पत्रांना उत्तरे द्यावी लागतात.